खात्याविना चेक: शेटचं दुकान, बँकेची खिडकी अन् पोस्टमन

आमच्या फाट्यावरच्या किराणा दुकानाला मी पाचपैकी तीन तारे देते. तेल-साखरेसाठी नाही. खातं नसलेल्या बाईचा चेक ठेवून घेऊन तिच्या हातावर नोटा टेकवायचं जे काम तो शेट करतो, त्यासाठी. टोळीतल्या बाया म्हणतील, तीन लय झाले, तो तर लुटते. म्हणून सगळा हिशेबच मांडते.

वरुड तालुक्यात संत्र्याच्या पॅकिंग शेडवर आमची बायांची टोळी असते. प्रतवारी करायची, डागी फळ बाजूला काढायचं, कॅरेट भरायचे. हजेरीची वही माझ्याकडे, त्यामुळं पैशाचं लचांडही माझ्याच गळ्यात. आठवड्याला खर्ची रोख मिळते. संत्र्याचा आंबिया बहार आटोपला की राहिलेला हिशेब चेकनं होतो. व्यापारी नागपूरचा. मुनीम चेकबुक घेऊन येतो, रोकड घेऊन येत नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली तर व्यापाऱ्याला तो खर्च इन्कम टॅक्सात धरता येत नाही, म्हणून मोठ्या रकमेच्या चेकवर मुनीम डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहितो. लहान रकमेचा चेक साधा, बिनरेघांचा. सगळी गंमत या रेघांत आहे.

माझं खातं आहे. टोळीतल्या बहुतेक जणींचं आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती, अन् ज्यांनी जन्मात पासबुक पाहिलं नव्हतं त्यांचीही खाती झाली. राहिल्या त्या कोण, तर योजनेच्या वयात न बसलेल्या, म्हणजे जिची एकवीस वर्षं भरली नाहीत ती पोरगी. पासष्टीच्या पुढची मावशी. जिचं पासबुक माहेरच्या नावाचं अन् चेक सासरच्या नावाचा, ती नवी सून. खातं असूनही तिला तो चेक त्यात टाकता येत नाही. अन् मेळघाटातून, धारणीकडून आलेली कोरकू जोडपी, ज्यांचे कागद घरी खुंटीला राहिलेले असतात. अशांना चेक म्हणजे नुसता कागद. चेक तीनच महिने चालतो, त्यामुळं पुढच्या खेपेला गावी जाऊ तेव्हा पाहू, असंही करता येत नाही.

आता शेटचं पाहा. किराणा, बियाणं, औषधं, रिचार्ज, सगळं एकाच गाळ्यात. बिनरेघांचा चेक दाखवला की तो आधी बँकेचं नाव वाचतो, मग सही कुणाची ते पाहतो, मग म्हणतो, “शेकडा दोन लागतीन ताई. मी का धरमशाळा काढली का?” ओळखीच्या व्यापाऱ्याचा असला तरच घेतो. रेघांच्या चेकला तो हातही लावत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्या चेकचे पैसे ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जातात, शेटच्या खात्यात टाकताच येत नाही.

शेकडा दोन हे ऐकायला वाईट वाटतं. पण मावशीचा चेक ८,४०० रुपयांचा. शेटनं कापले १६८. तेच मावशी फुकटात वटवायला तालुक्याला गेली तर तिचा ३०० रुपये रोज बुडतो. एसटीत आम्हा बायांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन चहापाण्यासकट पन्नासाची नोट मोडतेच. म्हणजे फुकटची बँक मावशीला साडेतीनशेला पडते अन् लुटणारा शेट १६८ ला. शेडचं काम जोरात असताना तर एक बाई गेली की शेजारचीवर तिचा पट्टा येतो, अन् मुनीमाचं तोंड दुसऱ्या दिवसापर्यंत वाकडं राहतं. काम नसलेल्या दिवशी मात्र हेच गणित उलटं होतं. रिकाम्या दिवशी शेटकडं जाणं म्हणजे १६८ रुपये नाल्यात टाकणं.

मग दोन तारे कशाचे कापले? एक उधारीचा. चेक हातात आला की शेट गल्ल्याच्या आधी वही उघडतो. पोळ्यापासूनची उधारी, त्यात तुमच्या दिराची, त्यात कधीतरी पोरानं नेलेला बिस्किटाचा पुडा. सगळं वळतं करून उरलेले देतो. उधारी फेडायला कुणाची ना नाही, पण आपल्या घामाच्या पैशातून कोणतं देणं आधी फेडायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. दुसरा तारा कापला तो अर्धी रक्कम मालात द्यायच्या सवयीचा. “गल्ल्यात एवढे नाही आज, तेलाचा डबा घेऊन जा.” तेलाचा डबा एमआरपीनं. तिथं शेकडा दोनाचे शेकडा पाच कधी होतात समजत नाही. मी सोबत असले की हे होत नाही, एकटी म्हातारी गेली की होतं. म्हणून आमच्या टोळीत नियम आहे, शेटकडं दोघींनी जायचं अन् आधी विचारायचं, पूर्ण रोख हाय का.

आता बँकेची खिडकी. पुष्कळ बायांना वाटतं, खातं नाही तर बँकेचा शिपाई दारातूनच हाकलून देईन. तसं नसतं. ज्या शाखेचा चेक आहे त्याच शाखेत गेलात अन् चेक बिनरेघांचा असला, तर खातं नसलं तरी खिडकीवर रोख मिळते. एक रुपया कापत नाहीत. आधार न्यायचं, मागच्या बाजूला सही करायची. मावशी अंगठेवाली, तर तिथं माझी सही साक्षीला घेतली, कारण मला तिथं ओळखतात. दुसऱ्या शाखेत किंवा दुसऱ्या बँकेत गेलात तर काय होईल याचा नेम नाही. शाखेशाखेचा कायदा वेगळा अन् खिडकीवरच्या साहेबाचा त्याहून वेगळा. आमच्या व्यापाऱ्यानं वरुडातच एक खातं ठेवलंय, हे त्याचं मजुरांवर उपकारच. नागपूरच्या शाखेचा चेक असता तर हे सगळं लिहायची गरजच पडली नसती, सरळ शेटकडं गेलो असतो.

एक गोष्ट मुनीमाकडून आमच्या समोरच करून घ्यावी. चेकवर नावापुढं ‘या धारक को’ असं छापलेलं असतं. ते खोडलं नसेल तर तो चेक ज्याच्या हाती त्याला पैसे. पदराच्या गाठीतून पडला, कुणा टवाळाला सापडला, की गेले. ते खोडायला लावलं तर नाव असलेल्या बाईलाच, ओळख पाहून मिळतात. आता कुणी म्हणेल, मग खोडूनच घ्यावा. पण खोडलेला चेक शेट घेत नाही. म्हणून मी आधी ठरवते, ही बाई बँकेत जाणार का फाट्यावर, अन् त्याप्रमाणं मुनीमाला सांगते. तो कुरकुरतो. कुरकुरू द्या.

अन् खिडकीवर “खात्यात पैसे नाहीत” असं कुणी म्हटलं तर नुसतं ऐकून माघारी फिरू नये, चेक वटला नाही असा लेखी मेमो मागावा. त्या मेमोपासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस धाडता येते, चेक-हुंडीच्या १८८१ च्या कायद्यातलं कलम १३८. आमच्यावर ही वेळ आली नाही, पण मुनीमासमोर ‘एकशे अडतीस’ एवढा आकडा उच्चारला तरी त्याची पाठ ताठ होते.

खिडकीला चार तारे. पाचवा रांगेत उभं राहताना गेला.

रेघांच्या चेकचं काय, तर त्याला खातं लागतंच, कुणी काही सांगो. पण ते बँकेचंच हवं असं नाही. पतसंस्थेच्या सभासदाचा ५०,००० पर्यंतचा रेघांचा चेक पतसंस्था आपल्या बँकेतून वटवून देऊ शकते. नव्या सुनेचं काम तसंच झालं, कारण तिथं तिचं नाव सासरचं होतं. फार लिहिण्यासारखं नाही. काम झालं, वेळ लागला, मॅनेजर गोड बोलला अन् जाता जाता आवर्त ठेव गळ्यात मारायला निघाला होता.

कोरकू पोरीचं अवघड होतं. तिच्याजवळ आधार नाही, काहीच नाही. तिच्यासाठी बँकेत ‘लहान खातं’ म्हणून एक प्रकार असतो. साहेबासमोर फोटो द्यायचा, सही किंवा अंगठा करायचा, खातं उघडतं. शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही, वर्षात लाखाच्या वर जमा होत नाही, महिन्याला १०,००० च काढता येतात, अन् बारा महिन्यांत ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचं दाखवावं लागतं. मजुराला एवढं पुष्कळ झालं. पण हे खातं बँकेच्या भिंतीवरच्या कुठल्याही फलकावर मला दिसलं नाही. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, अन् विचारलं तर आधी “असं काही नसते” म्हणतात. नावानिशी मागावं, अन् दुसऱ्यांदा मागावं.

खातं झाल्यावर पैसे काढायला आमच्याकडं बँकेचं एक ग्राहक सेवा केंद्र आहे. आधार नंबर सांगा, अंगठा लावा, पैसे घ्या. कल्पना चांगली. पण संत्र्याच्या सालीचा चीक अन् कॅरेटच्या कडा यांनी आमच्या बोटांच्या रेषा राहिल्याच नाहीत. मावशीचा अंगठा उमटेना, तर्जनी उमटेना, शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटानं काम केलं. केंद्रवाला चिडचिड्या, “मावशी, बोट पुसा ना नीट,” जसं काही ती मुद्दाम करून राहिली. त्यातच एकदा यंत्र म्हणालं व्यवहार झाला नाही, अन् पासबुकात रक्कम वजा. केंद्रवाला म्हणे, येईन आठ-पंधरा दिवसांत. अशा वेळी पावती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, असे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत, त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई. मी त्याला हे ऐकवलं अन् १४४४८ हा रिझर्व्ह बँकेच्या तक्रारीचा नंबर त्याच्यासमोर वहीत लिहिला. पैसे आले. केंद्राला दोन तारे, तेही पंखा चालू होता म्हणून.

या सगळ्यात मला पसंत पडला तो पोस्टमन. पोस्टाची पेमेंट्स बँक २०१८ पासून आहे. घरी येऊन आधारवर खातं उघडून देतो, शिल्लक शून्य असली तरी चालते, दोन लाखांपर्यंत ठेवता येतात. चेक टाकायचा असेल तर मात्र पोस्टाचं साधं बचत खातं लागतं, ५०० रुपयांपासून उघडतं, अन् चेक तालुक्याच्या पोस्टात द्यावा लागतो. पण आमच्या टोळीनं यावर्षी चेकचीच भानगड काढून टाकली. मी वहीत हजेरीशेजारी खाते नंबराचा रकाना आखला अन् मुनीमाला म्हटलं, भाऊ, सही करायचा त्रास कशाला घेता, इथंच टाका. आता पोस्टमन शेडवर येतो, जेवणाच्या सुट्टीत बाया अंगठा लावून पैसे घेतात, रोज बुडत नाही, एसटी नाही, शेटची वही नाही. दुसऱ्या बँकेतलं खातं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर तोच काढून देतो.

एवढंच ध्यानात ठेवा, गावच्या शाखा डाकघरात रोकड मोजकीच असते. सगळ्या टोळीला एकदम पैसे हवे असतील, सण आहे, कुणाकडं लग्न आहे, तर त्याला आदल्या दिवशी फोन करून आकडा सांगा. न सांगता पंधरा जणी उभ्या राहिल्या तर तो काय खिशातून देईन? साडेचार तारे.