शाहूपुरीतला बालवाचन वर्ग : साडेपाच वर्षांच्या मुलीच्या आईचा अभिप्राय

साताऱ्यात शाहूपुरीतील एका घराच्या तळमजल्यावर आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सहा, चार ते सहा वर्षांच्या मुलांचा वाचनवर्ग भरतो. माझी मुलगी जूनपासून, म्हणजे आठ महिने, तेथे जात आहे. ओळखीच्या अनेक पालकांनी चौकशी केली, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी ती ज्या बालवाडीत होती, तेथे लहान गटापासूनच रोज पानभर अक्षरे गिरवण्याचा गृहपाठ असे. वर्ष संपताना ती 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळे घडाघडा म्हणून दाखवत होती. पण 'मामा' हा शब्द समोर ठेवला, तर "मगरीचा म, मगरीचा म" यापलीकडे तिची गाडी जात नसे. पेन्सिल दिसली की ती हात पाठीमागे नेऊ लागली, तेव्हा मी दुसरी वाट शोधायला लागले.

या वर्गात पहिले सहा आठवडे एकही अक्षर शिकवले गेले नाही आणि खरे सांगायचे तर त्या काळात मी अस्वस्थ होते. मुले गोष्टी ऐकत, बडबडगीते म्हणत, चित्रांवर बोलत आणि शब्दांना टाळ्या देत : 'पाटी'ला दोन, 'भाकरी'ला तीन, 'अननस'ला चार. या खेळाचे मोल मला उशिरा कळले. देवनागरीत 'भा' किंवा 'री' असा एकेक उच्चार एकेका अक्षरात बसतो, त्यामुळे ज्या मुलाला 'भाकरी'चे तीन तुकडे कानाने वेगळे करता येतात, त्याला तेच तुकडे पुढे पाटीवर ओळखणे सोपे जाते.

अक्षरांची सुरुवातही वर्णमालेच्या क्रमाने झाली नाही. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार अतिशय सुंदर रचलेली आहे. परंतु त्या क्रमाने गेल्यास पाचव्याच व्यंजनाला 'ङ' येतो आणि त्यापासून सुरू होणारा एकही शब्द मुलाच्या बोलण्यात नसतो. येथे पहिल्या गटात आ, क, म, ल, ब, घ, र आणि सोबत काना घेतला, त्यामुळे 'घर', 'काका', 'बाबा' हे शब्द लगेच तयार झाले आणि अक्षरे सुरू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात मुलीने 'मामा आला' हे पूर्ण वाक्य वाचले. दिसायला सारखी असणारी 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' ही अक्षरे मुद्दाम वेगवेगळ्या गटांत ठेवली आहेत. आपल्याच जिल्ह्यात, फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत, भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याचे मोठे काम केले आहे, त्यामुळे सातारकरांना अशा विचाराचे नवल वाटू नये.

एके दिवशी मी वर्गात मागे बसले होते. मुलीने 'गाईला चारा घातला' हे वाक्य वाचताना 'चारा'मधला 'च' आकड्यातल्या 'चार'सारखा उच्चारला. शिकवणाऱ्या ताईंनी चूक सांगितली नाही, "गाय काय खाते गं?" एवढेच विचारले. ती थांबली, बोट पुन्हा 'चा'वर नेले आणि घरी म्हणतो तसा 'चारा' म्हणून मोकळी झाली. मराठीत 'च'चे उच्चार दोन आणि अक्षर एकच, तेव्हा कोणता उच्चार घ्यायचा हे शब्दाचा अर्थच सांगतो. अर्थाकडे पाहत वाचायचे, ही सवय तिला पाठांतराने कधीच लागली नसती.

मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे मुलांच्या बोलीला येथे मिळणारा मान. एका मुलाने सांगितले, "आज्जीनं पेढं आनलं." ताईंनी ते वाक्य फळ्यावर जसेच्या तसे लिहिले, त्याच्याकडून वाचून घेतले आणि 'आजीने पेढे आणले' हे पुस्तकातल्या भाषेतले वाक्य खाली लिहून दोन्ही शेजारी राहू दिली. त्या मुलाने दोन्ही वाक्ये तीनदा वाचली. आपण बोलतो तेच लिहिता येते आणि लिहिलेले परत बोलता येते, ही जाणीव त्याला त्या दिवशी झाली असावी.

उणिवाही आहेत. एका खोलीत चौदा मुले फार होतात, दहा पुरेत. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी आणि बोलताना नंतर येते, तेथे बहुतेक मुले अडतात. त्या टप्प्यावर आणखी सराव हवा होता. चाळीसएक पुस्तके आहेत, पण ती घरी नेता येत नाहीत. लेखी प्रगतिपत्रक मिळत नाही, त्यामुळे मूल कोठे आहे हे पालकाने स्वतः विचारावे लागते. जोडाक्षरे अजून घेतलेली नाहीत; मुलीच्या नावात जोडाक्षर आहे, तरी दोरीवर अडकवायची नावाची पट्टी ती पहिल्या आठवड्यापासून अख्खी ओळखते.

शुल्क दरमहा ७०० रुपये आहे आणि ते मला रास्त वाटते. इंग्रजी शिकवत नाहीत. ज्यांना वहीची भरलेली पाने पाहायची आहेत, त्यांची येथे निराशा होईल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे, तेव्हा साडेपाचव्या वर्षी मूल मागे पडले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. गेल्या महिन्यात सातारा बसस्थानकावर माझ्या मुलीने एसटीची पाटी पाहून 'कराड' वाचले आणि ही गाडी मावशीकडे जाते का, असे विचारले.

प्रवेश जूनमध्ये होतात. त्याआधी ताई मुलाशी वीस मिनिटे गप्पा मारतात; त्या वेळी शक्य असल्यास घरातील आजी-आजोबांनाही सोबत न्यावे, कारण घरी गोष्टी सांगण्याचे काम पुढे बहुधा त्यांच्याकडेच येते.