शस्त्र परवान्यावरची अट जाचक वाटते? अर्ज, अपील की रिट, कुठून सुरुवात करावी

माझ्या काकांच्या बंदुकीच्या परवान्यावर नूतनीकरणाच्या वेळी निळ्या शाईत एक ओळ वाढली. आधी कार्यक्षेत्राच्या रकान्यात तालुक्याचं नाव होतं, आता तिथे एकाच गावाचं आलं. काकांची बाग ओढ्याच्या दोन्ही अंगांना आहे. अलीकडची कलमं एका महसुली गावात, पलीकडची दुसऱ्या. डुकरं रात्री पलीकडून येतात. बार काढून त्यांना हुसकावायला काका ओढा ओलांडून गेले, तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली तो अटीचा भंग ठरतो. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ठासणीच्या बंदुकीसाठी सत्तरीच्या माणसाने ही टांगती तलवार का सोसायची?

अशा अटीविरुद्ध तीन वाटा आहेत: परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडेच बदलाचा अर्ज, कलम १८ चं अपील आणि उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्धची थेट याचिका. "कुठली चांगली?" असं सगळे विचारतात. माझ्या मते आधी अट आली कुठून ते शोधावं, कारण वाट त्यावरच ठरते.

परवान्यावरच्या काही अटी छापील असतात. त्या शस्त्र नियम, २०१६ मधून येतात आणि सगळ्या परवानाधारकांना सारख्याच लागू असतात. सार्वजनिक जागी शस्त्र उघडं मिरवायचं नाही, ही त्यातलीच एक. कायद्याच्या भाषेत या 'विहित' अटी. कलम १७ नुसार परवाना अधिकारी अटी बदलू शकतो, पण विहित अटी वगळून. म्हणजे त्यांच्याविरुद्ध जिल्हाधिकारी कार्यालयात कितीही खेटे घातले तरी अधिकाऱ्याच्या हातात काही नसतं. भांडायचंच असेल तर नियमालाच उच्च न्यायालयात आव्हान द्यावं लागेल, आणि एकट्यादुकट्या परवानाधारकाने त्या फंदात पडू नये असं मी स्पष्ट सांगेन. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश ही तर परवान्याची अटच नव्हे. तिथे छाननी समितीकडे लगेच लेखी म्हणणं द्यायचं. तो विषय वेगळा.

हाताने लिहिलेली किंवा शिक्का मारून घातलेली अट असेल तरच पुढचं वाचा.

पहिली वाट कलम १७(२) ची. परवानाधारकाने स्वतः अर्ज करून अट बदलून मागायची. यात वकील लागत नाही, खर्च जवळपास नाही आणि अधिकाऱ्याशी वैर येत नाही. तुमची परिस्थिती बदलली असेल तर हीच वाट योग्य: नवी जमीन घेतली, नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात गेली, नेमबाजीच्या स्पर्धांसाठी बाहेर जावं लागतं. अशा वेळी अधिकाऱ्याचं आधी काही चुकलेलं नसतं, त्याच्यासमोर नवी माहिती ठेवायची असते. अर्जात "सबब परवानगी मिळावी ही विनंती" एवढंच लिहून भागत नाही. आमच्या पहिल्या अर्जात तेवढंच होतं आणि तो पाच महिने धूळ खात पडला. दोन्ही गावांचे सातबारे, गटांचा नकाशा, पिकाच्या नुकसानीचे पंचनामे आणि पोलीस पाटलाचा दाखला जोडल्यावर फाईल हलली. आवक क्रमांकाची पोच मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

या वाटेचा धोका सहसा कुणी सांगत नाही. अर्ज केल्याने अपिलाची मुदत थांबत नाही. आणि अर्ज फेटाळला गेला तर? कलम १८ मध्ये अपील कशाविरुद्ध करता येतं ते मोजून दिलं आहे: परवाना नाकारणं, अटी बदलणं, परवाना निलंबित करणं, रद्द करणं. अट बदलायला नकार देणं हे त्या यादीत शब्दशः नाही. त्यामुळे "नकार आला की त्यावर अपील करू" या भरवशावर बसू नका. समोरची बाजू अपील चालतच नाही असा मुद्दा काढू शकते.

दुसरी वाट अपिलाची. अधिकाऱ्याने स्वतःहून तुमची अट बदलली असेल, म्हणजे कालपर्यंत तालुका होता आणि आज गाव झालं, तर कलम १८ त्यासाठीच आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे जातं, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे. मुदत आदेश निघाल्यापासून ३० दिवसांची. उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण तो माफ होईलच असं धरून चालू नये. अपिलात फक्त "अन्याय झाला" एवढंच म्हणावं लागत नाही, अट वस्तुस्थितीला धरून नाही हेही मांडता येतं, आणि हे अपिलाचं मोठं बळ आहे. सातबारा आयुक्त पाहू शकतात, ओढा कुठून वाहतो हे नकाशावर दाखवता येतं. शिवाय तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे.

दोन गोष्टी मात्र आधीच हाताशी हव्यात. पहिली, कारणं. कलम १७(५) प्रमाणे अट बदलताना अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची असतात आणि तुम्ही मागितली तर त्यांचं थोडक्यात टिपण द्यायचं असतं. सार्वजनिक हिताचं कारण सांगूनच ते नाकारता येतं. आदेश हातात पडताच त्याच आठवड्यात ही मागणी लेखी करा. माहिती अधिकारातून फाईलवरची टिपणीही मागा, पण त्या उत्तरालाही ३० दिवस लागू शकतात आणि अपिलाची मुदतही तेवढीच आहे. म्हणून उत्तराची वाट न पाहता अपील ठोका, कागद नंतर जोडता येतात.

दुसरी, स्थगिती. अपील दाखल झालं म्हणून अट आपोआप थांबत नाही. कलम १८(६) नुसार अपील अधिकाऱ्याने वेगळं सांगेपर्यंत मूळ आदेश चालूच राहतो. स्थगितीची विनंती अपिलासोबतच करायची. ती मिळेपर्यंत जाचक वाटणारी अटही काटेकोर पाळायची. मधल्या काळात एकदा जरी भंग झाला तरी अपिलाच्या सुनावणीत तोच तुमच्याविरुद्ध पहिला कागद होतो.

तिसरी वाट संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालच्या रिटची. खर्च सर्वांत जास्त, आणि न्यायालय पहिला प्रश्न विचारतं: अपील होतं, ते का केलं नाही? त्याला अपवाद आहेत. म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, अधिकार नसताना आदेश काढला, मूलभूत हक्काचा भंग झाला, तर थेट जाता येतं. कलम १८ च्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे कलमातच दिलेल्या अपवादाप्रमाणे, शासनाने किंवा शासनाच्या निर्देशावरून काढलेल्या आदेशावर अपील नाहीच, तिथे उच्च न्यायालयच उरतं. अपील हरल्यावरही तीच पायरी. पण तिथे ओढा कुठून वाहतो याची चौकशी सहसा होत नाही. निर्णय घेण्याची पद्धत कायदेशीर होती का, हे पाहिलं जातं. कारण नसलेला आदेश तिथे लवकर उघडा पडतो. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं पुरवता येत नाहीत. तरीही न्यायालय बहुधा अट स्वतः बदलून देत नाही, फाईल फेरविचारासाठी परत पाठवतं. म्हणजे महिने घालवून तुम्ही पुन्हा त्याच टेबलासमोर.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्यांना हल्ली एक मोह होतो. कोकण विभागाचे आयुक्त नवी मुंबईत बेलापूरला बसतात, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. घाट चढला की न्यायालय. पण अंतर कमी म्हणून अपील टाळून रिट करणं म्हणजे पहिल्याच तारखेला परत पाठवलं जाण्याची तयारी ठेवणं.

याचिकेत काय लिहू नये, तेही सांगतो. अमेरिकेतले निकाल फॉरवर्ड होत असतात. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात, शस्त्र बाळगायला खास कारण दाखवा ही न्यूयॉर्कची अट रद्द केली. पण तो निकाल त्यांच्या संविधानातल्या दुसऱ्या दुरुस्तीवर उभा आहे. आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, हा फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बोलूनही दाखवला आहे. इथे 'माझा हक्क' म्हणून लढाल तर हराल. 'अटीला कारण नाही, ती माझ्या जमिनीला जुळत नाही आणि मला ऐकलं नाही' म्हणून लढाल तर ऐकलं जाईल.

आज काका मला विचारायला आले असते तर मी एकाच दिवशी दोन कागद लिहून दिले असते: कारणं मागणारं पत्र, आणि स्थगितीच्या विनंतीसह अपिलाचा मसुदा. सातबारे जोडून १७(२) चा अर्जही सोबत दिला असता, कारण अधिकाऱ्याने स्वतःच चूक दुरुस्त केली तर अपील मागे घेता येतं. आम्ही यातलं काहीच वेळेत केलं नाही. "साहेब बघतील" या शब्दावर थांबलो आणि उशीर माफ करण्याच्या अर्जासकट बेलापूरला गेलो. उशीर माफ झाला. फाईलवर कारण नोंदवलेलंच नव्हतं, म्हणून प्रकरण फेरविचाराला खाली आलं. सुरुवातीलाच जोडायला हवे होते त्याच दोन सातबाऱ्यांवर दोन्ही गावं परवान्यात आली.

आदेश हाती आला तरी तेवढ्यावर थांबू नका. बदल परवाना पुस्तिकेत सही-शिक्क्यासह उतरला का आणि ऑनलाइन नोंदीतही चढला का, दोन्ही पाहा. आमच्याकडे पुस्तिकेत दोन गावं होती आणि संगणकावर अजून एकच. ते दुरुस्त होऊन छापील उतारा हातात येईपर्यंत काकांनी बंदूक ओढ्याच्या अलीकडेच ठेवली. पलीकडच्या कलमांत ते रात्री पत्र्याचा डबा बडवत बसायचे.