गुप्तचरांचा अंदाज की आयएईएचा रिपोर्ट, कशावर विसंबायचं?

इराणच्या बॉम्बचा विषय निघाला की दोन कागद हमखास पुढे येतात, एक अमेरिकन गुप्तचर संस्थांचा एकत्रित अंदाज म्हणजे एनआयई आणि दुसरा व्हिएन्नाच्या आयएईएचा, म्हणजे अणुकार्यक्रमांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा रिपोर्ट, मग वाद सुरू की खरं कोणाचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. युरेनियमचा माल किती, कुठे, किती टक्के समृद्ध (म्हणजे बॉम्बलायक होण्याच्या किती जवळ) हे बघायचं तर आयएईए. सरकारच्या मनात काय चाललंय हे बघायचं तर एनआयई, पण मतभेद नोंदवणाऱ्या तळटीपांसकट, नाहीतर नकोच.

तळटीपांसकट का, तर ऑक्टोबर २००२ चा इराकवरचा एनआयई बघा. घाईघाईत जेमतेम तीन आठवड्यांत बनवलेला. इराकने अॅल्युमिनियमच्या नळ्या सेंट्रिफ्यूजसाठीच, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठीच मागवल्यात असं त्यात ठासून लिहिलं, पण ज्यांना सेंट्रिफ्यूज खरंच कळतात त्या अमेरिकन ऊर्जा खात्याचे लोक म्हणत होते की या बहुतेक रॉकेटसाठीच्या आहेत, आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाला तर इराकचा अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झालाय हेच पटलेलं नव्हतं. हे सगळे मतभेद आत नोंदवलेले होते बरं का! लोकांसाठी जी छोटी आवृत्ती काढली तिच्यात मात्र हातचं राखून लिहिलेलं बरंचसं गळालं. जानेवारी २००३ मध्ये आयएईएचे तेव्हाचे प्रमुख अल बरादेई यांनीही नळ्या रॉकेटच्या दिसतात असंच सांगितलं, मार्चमध्ये इराकने आफ्रिकेतल्या नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं बनावट आहेत म्हणाले, तरी युद्ध झालंच.

म्हणजे आयएईए जिंकली? थांबा. १९९१ च्या युद्धाआधी हीच एजन्सी इराकमध्ये नियमित तपासणी करत होती आणि तिकडे सद्दामचा गुप्त कार्यक्रम जोरात चालू होता, कारण निरीक्षक फक्त जाहीर केलेल्या जागा बघायचे. इराणमधलं फोर्दो हे युरेनियम समृद्ध करायचं गुप्त केंद्र सुद्धा २००९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सने जगासमोर आणलं ते गुप्तचर माहितीवरच.

आणि एनआयई दरवेळी आग लावणाराच असतो असंही नाही. २००७ चा इराणवरचा अंदाज म्हणाला की २००३ च्या शरदात शस्त्रकार्यक्रम थांबला, यावर 'उच्च विश्वास', आणि २००७ च्या मध्यापर्यंत परत सुरू झालेला नाही, यावर फक्त 'मध्यम'. उच्च म्हणजे शंभर टक्के नव्हे, हेही त्यातच समजावलं होतं. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये आयएईएने जवळपास तेच लिहिलं की सुसूत्र प्रयत्न २००३ संपायच्या आत झाले, नंतर काही तुरळक कामं, २००९ नंतर विश्वासार्ह पुरावा नाही. दोन वेगळ्या वाटांनी येऊन दोघे एकाच ठिकाणी पोचले, म्हणून या निष्कर्षावर मी जास्त वजन टाकतो.

आत्ताचं बोलायचं तर आयएईएचं बळ घटलंय. २०२१ पासून इराणने जादा तपासण्या बंद केल्या, २०२२ मध्ये कॅमेरे काढले, जून २०२५ च्या इस्रायल-अमेरिकेच्या हल्ल्यांनंतर तर एजन्सीशी सहकार्य थांबवायचा कायदाच केला. त्यामुळे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं सुमारे ४४० किलो युरेनियम हा जो आकडा फिरतो तो हल्ल्यांच्या तोंडावरचा अंदाज आहे, नंतर गोडाऊन मोजून आणलेला नाही. रिपोर्ट उघडलात तर किलोचा तक्ता नंतर बघा, आधी 'पडताळणी करता आली नाही' असं कुठे कुठे लिहिलंय ते शोधा.