सायबर जोखीम सल्लागाराची वार्षिक सेवा : एका नागरी सहकारी बँकेचा अभिप्राय

सायबर सुरक्षेचे प्रशासन आणि जोखीम व्यवस्थापन यांसाठी आमच्या नागरी सहकारी बँकेने पुण्यातील एका सल्लागार संस्थेची सेवा वर्षभरासाठी घेतली. रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी बँकांचे डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तर केले आहेत. आपली बँक त्यांपैकी कोणत्या स्तरात बसते आणि त्या स्तराची कोणती नियंत्रणे खरोखर अमलात आहेत, हे तपासण्यापासून कामाला सुरुवात झाली. तो भाग चोख झाला.

सेवेचे खरे मोल कळले ते जोखीम नोंदवहीत. पूर्वीच्या नोंदवहीत बहुतेक जोखमींपुढे ‘आयटी विभाग’ एवढेच लिहिलेले असे. संस्थेकडून आलेल्या सल्लागार बाईंनी ते चालू दिले नाही. निवृत्त कर्मचाऱ्याचा सीबीएसमधील (बँकेच्या मध्यवर्ती संगणक प्रणालीतील) युजर आयडी चालू राहण्याची जोखीम त्यांनी आस्थापना विभागाकडे दिली, कारण निवृत्तीची तारीख आयटीला कळवणे हे त्याच विभागाचे काम. एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार बँकेच्या प्रणालीशी जोडणारी यंत्रणा) बाहेरच्या कंपनीकडे असला, तरी त्याची जोखीम मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावावर घातली आणि त्यांची सही होईपर्यंत ती नोंद अपुरीच ठेवली. (सही मिळायला बराच काळ लागला, हेही सांगायला हवे.)

संचालक मंडळासाठी घेतलेला सराव तर विशेष उपयोगी ठरला. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्यात शनिवारी बनावट स्विचच्या आधारे अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, सोमवारी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश प्रणालीद्वारे हाँगकाँगला रक्कम वळवली गेली आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तोच धागा धरून बाईंनी विचारले, की शनिवारी रात्री सीबीएसमध्ये नोंद न होता एटीएममधून पैसे निघू लागले, तर स्विच बंद करण्याचा अधिकार कोणाला? बैठकीत तीन वेगवेगळी उत्तरे आली. अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे बंधनकारक असताना निम्मा वेळ परवानगीतच गेला असता. पुढच्याच सभेत ठराव होऊन तो अधिकार ड्युटीवरील अधिकाऱ्याला मिळाला.

धोरणांचे मसुदे मात्र निराशाजनक होते. आमची एकही शाखा राज्याबाहेर नसताना त्यांत परदेशी कार्यालयांसाठीची कलमे होती, म्हणजे दुसऱ्या कोणासाठी केलेला दस्तऐवज नाव बदलून आमच्यापुढे आला होता. शाखांसाठी मराठी गोषवारा मागून घ्यावा लागला. भेद्यता चाचणी (प्रणालीतील कच्चे दुवे शोधणारी तपासणी) सर्ट-इनच्या सूचीतील स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून करून घ्यायची हे योग्यच, पण तिचा खर्च शुल्कात धरलेला नाही, ही गोष्ट दरपत्रकात ठळकपणे यायला हवी होती.

संगणकतज्ज्ञ पदरी असूनही निर्णय अडकून पडतात, अशा बँकांनी ही सेवा जरूर घ्यावी. केवळ तपासणीसाठी फाईल तयार हवी असेल, तर हे शुल्क महाग पडेल. आम्ही करार वाढवला आहे, परंतु सल्लागारांनी आमच्या शाखा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय धोरणांचे मसुदे स्वीकारले जाणार नाहीत, ही अट त्यात घातली आहे.