पॅडवालं टूल की अल्ट्रासोनिक? वॉटर-बेस मडमधला इमेज लॉग निवडताना

इमेज लॉग म्हणजे तेलविहिरीच्या होलच्या भिंतीचं चित्र. पॅडवालं टूल भिंतीला पॅड टेकवून खडकाचा विद्युत-रोध (रेझिस्टिव्हिटी) मोजतं, अल्ट्रासोनिक ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकतं. मड, म्हणजे होलमध्ये भरलेला ड्रिलिंगचा द्रव, ऑइल-बेस असेल तर फार डोकेफोड करू नका, अल्ट्रासोनिक घ्या. त्यात चालणारे रेझिस्टिव्हिटी इमेजरही मिळतात, पण तो विषय वेगळा. खरी पंचाईत वॉटर-बेस मडमध्ये होते, कारण तिथे दोन्ही टूल चालतात. माझं बहुतेक काम मुंबई हायच्या बाजूच्या चुनखडकातलं, त्यामुळे माझं मत थोडं त्या अंगाने जाणार, हे धरूनच वाचा.

कागदावर अल्ट्रासोनिकचं पारडं जड. ध्वनी सोडणारा-ऐकणारा ट्रान्सड्यूसर गरगर फिरतो आणि भिंत पूर्ण ३६० अंशांत दिसते. पॅडवाल्यात फटी राहतात. एफएमआय या पॅडवाल्या टूलचे १९२ इलेक्ट्रोड आठ इंची होलमध्ये साधारण ८० टक्के भिंत टिपतात. सव्वाबारा इंचीत जेमतेम निम्मी. चित्रभर उभे कोरे पट्टे. पण डिप पिक करताना, म्हणजे थर-फ्रॅक्चरचा कल मोजताना, त्यांचा फारसा अडथळा होत नाही. पट्ट्याच्या दोन्ही कडांना रेघ ठळक असते, त्यामुळे सायन वक्र (उलगडलेल्या चित्रात कललेली रेघ अशी लाटेसारखी दिसते) सहज जुळतो.

अल्ट्रासोनिकचे पट्टे मात्र काळे असतात, आणि माझं घोडं तिथेच अडलं. समुद्रातल्या एकेका प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी तिरक्या काढलेल्या असतात. तिरक्या होलमध्ये जड टूल खालच्या अंगाला कलतं. टूल मध्यभागी धरणारे सेंट्रलायझर लावले तरी थोडं कलतंच. मग ध्वनी भिंतीवर सरळ न आदळता तिरका आदळतो आणि प्रतिध्वनी भलतीकडे जातो. दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत काळोखे पट्टे. फ्रॅक्चरची रेघ छान वर चढत येते, पट्ट्यात शिरते आणि गायब. मड जड असेल तर आणखी वाईट. सॉफ्टवेअरने तो भाग उजळता येतो, पण उजळून निघतो तो बहुतेक गोंगाट. फट निदान कोरी तरी असते. इथे काहीतरी दिसतं आणि ते काय आहे यावर मीटिंगमध्ये अर्धा तास जातो.

पॅडवालं आवडण्याचं दुसरं कारण खडकाचं. मुंबई हायच्या एल-थ्री या चुनखडकात मधे मधे शेलचे पातळ थर आहेत. गॅस किंवा पाणी कुठे अडेल, हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. रेझिस्टिव्हिटीत ते गडद, ठसठशीत उमटतात. अल्ट्रासोनिकला भिंत सारखीच गुळगुळीत लागली तर दोन खडकांतला फरक फिका पडतो. व्हग्जचंही (चुनखडकातल्या छोट्या पोकळ्यांचंही) तसंच: पॅडवर ते काळे ठिपके म्हणून कळतात, अल्ट्रासोनिकवर बिटने खरवडलेला खडबडीतपणाही त्यात मिसळतो.

अर्थात अल्ट्रासोनिकला मोडीत काढू नका. ब्रेकआउट (खडकातल्या ताणाने भिंतीचे ढलपे निघालेली जागा) बघून ताणाची दिशा काढायची असेल तर होलचा आकार तोच नीट दाखवतो. आणि बेसमेंटमध्ये, म्हणजे तळाच्या ग्रॅनाइट-बेसाल्टमध्ये, फ्रॅक्चर उघडं आहे की मातीने भरलेलं, हे एकट्या रेझिस्टिव्हिटीवरून सांगणं कठीण. दोन्हीही तिथे काळंच दिसतं. अशा विहिरीत जमल्यास दोन्ही लॉग घ्यावेत, असं मला वाटतं. मात्र बारीक रिझोल्यूशनवर अल्ट्रासोनिक हळू ओढावा लागतो आणि रिगचं भाडं चालूच असतं.

एकाचेच पैसे मंजूर असतील, विहीर तिरकी आणि खडक चुनखडी, तर मी पॅडवालंच मागवेन. फक्त आधी कॅलिपर, म्हणजे होलच्या व्यासाचा लॉग, बघा. मोठे वॉशआउट (भिंत ढासळून होल रुंदावलेल्या जागा) असतील तर पॅड भिंतीला टेकणारच नाहीत, आणि मग माझा सल्ला बाजूला ठेवलेला बरा.