आठ अक्षरांत कोल्ट्रेन बसत नाही: फुटबॉल मॅनेजर गेमचा सीझनभराचा अनुभव

शर्टाच्या पाठीवर नावाला आठच अक्षरं मिळतात, ही या गेमची सगळ्यात मोठी खोट आहे. ग्राफिक्स, ट्रान्सफर मार्केट, फोन किती तापतो यावर भरपूर लिहून झालंय, ते मी पुन्हा उगाळत नाही. नावाच्या चौकटीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. गेमचं नाव देत नाही, कारण कस्टमर केअरशी माझं प्रकरण अजून मिटलेलं नाही. खेळणाऱ्यांना पुढच्या दोन परिच्छेदांत कळेलच.

प्रीमियर लीगची फँटसी मी खेळलोय. पंधरा खेळाडू, शंभर मिलियनचं बजेट, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन, कॅप्टनचे गुण दुप्पट. तिथं टीमचं नाव आपलं, पण खेळाडू खरे, त्यांनी शनिवारी गोल मारला तर आपल्याला गुण. या गेममध्ये खेळाडूच आपण घडवायचे. उंची, वेग, डावा पाय, उजवा पाय, दम, डोकं किती तापट, सगळं ठरवायचं आणि शेवटी नाव द्यायचं. मी बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. लग्नसराई उरकली की संध्याकाळी हाताला काम नसतं, आणि कानात जॅझ असतंच. त्यामुळं माझी टीम जॅझवाल्यांची होणार हे उघड होतं.

नावं मी उगाच चिकटवलेली नाहीत. बचावातले चारही बेसवाले, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य वाजवणारे: मधे चार्ल्स मिंगस आणि पॉल चेंबर्स, उजवीकडं जिमी ब्लँटन, डावीकडं रॉन कार्टर. बेस ऐकू येत नाही अशी लोकांची तक्रार असते, पण तो थांबला की सगळा बँड उघडा पडतो, आणि बचावाचंही तसंच. मिंगस तापट म्हणून प्रसिद्ध होता, म्हणून त्याला आक्रमकता जास्त दिली, त्याची किंमत पिवळ्या कार्डांत मोजतोय. गोलला काउंट बेसी, कारण हा माणूस पियानोवर मोजकेच सूर वाजवायचा आणि नेमक्या वेळी वाजवायचा. गोलकीपरनं उगाच पुढं धावू नये, हीच माझी अपेक्षा. मधल्या फळीत आर्ट ब्लेकी, थेलोनियस मंक आणि फ्रेडी ग्रीन. पुढं डावीकडं माइल्स डेव्हिस, मधे चार्ली पार्कर, उजवीकडं जॉन कोल्ट्रेन. डेव्हिस आणि कोल्ट्रेन दोघंही १९२६ चे, आणि १९५५ पासून कोल्ट्रेन डेव्हिसच्याच क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये होता, बेसवर हाच चेंबर्स. म्हणून हे तिघं माझ्या टीममध्ये कधी फुटत नाहीत, कितीही ऑफर येऊ दे.

बाकावर लुई आर्मस्ट्राँगला बसवायला जीव धजावत नव्हता. हे बाकीचे सगळे ज्या वाटेनं गेले, ती वाट त्यानं आधी तुडवली. पण त्याच्या शेजारी मला चिक चॉकलेट बसवायचा होता, म्हणजे आपला अँटोनिओ झेवियर वाझ, मुंबईत ट्रंपेट गाजवणारा गोवेकर, सी. रामचंद्रांबरोबर काम केलेला. त्याला लोक भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे. दोघं शेजारी बसले की मला बरं वाटतं. तिसरा जँगो राइनहार्ट. १९२८ मध्ये आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली आणि उरलेल्या दोन बोटांवर तो सोलो वाजवायचा. त्याचा डावा पाय मी मुद्दाम कमकुवत ठेवला आणि बॉल कंट्रोल वरपर्यंत नेला. बदली खेळाडू म्हणून त्यानं काढलेल्या मॅच बघायला हव्यात.

आता मुद्द्याची गोष्ट. टीम भरली, सेव्ह केलं, पहिली मॅच लावली. उजव्या विंगवर पाठमोरा खेळाडू पळतोय आणि शर्टावर लिहिलंय ‘कोल्ट्रे’. बाकावर बघतो तर ‘राइनहार्’, खाली पाय मोडलेला र. आणि आर्मस्ट्राँगच्या पाठीवर ‘आर्मस्ट्’. माणसाचं नाव असं अर्ध्यात तोडलेलं मला बघवेना.

भाचा कॉम्प्युटरचं शिकतो, त्यानं पाच मिनिटांत उलगडा केला. गेम अक्षरं मोजत नाही, चिन्हं मोजतो. आपण ‘को’ म्हणजे एक अक्षर धरतो, मशीनच्या लेखी क एक आणि ओकार दुसरा. ‘ल्ट्रे’ मध्ये तर ल, हलंत, ट, हलंत, र, मात्रा, अशी सहा चिन्हं निघतात. कोल्ट्रेन मराठीत नऊ चिन्हांचा, राइनहार्टही नऊचा, आर्मस्ट्राँग बाराचा. इंग्रजीत कोल्ट्रेन बरोब्बर आठात बसतो. म्हणजे मर्यादा ठरवताना समोर फक्त इंग्रजी होतं. मराठी मेनू दिला, मराठीत जाहिरात केली, ‘आता खेळा आपल्या भाषेत’ म्हणून सांगितलं, आणि काना-मात्रा मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी वर्षाची वर्गणी भरली होती, ८९९ रुपये. आमच्या धंद्यात पावसाळ्यात एकही सुपारी नसते, तेव्हा हे पैसे मी विचार करून घातले होते. कस्टमर केअरला चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, ‘सर, कृपया खेळाडूचं नाव इंग्रजीत टाका.’ मी लिहिलं, मराठी गेमचे पैसे घेतलेत, इंग्रजी कशाला टाकू? मग म्हणाले, ‘सर, आपण टोपणनाव वापरू शकता.’ टोपणनाव! कोल्ट्रेनला काय ‘कोलू’ म्हणू? पुढं तक्रार वरच्या टीमकडं पाठवली म्हणाले, आणि चॅट आपोआप बंद. त्यात एकदा सेव्ह केलेलं नाव बदलायचं तर गेममधली नाणी लागतात, नाणी संपली की पैसे. त्यांच्या चुकीनं तुटलेलं नाव दुरुस्त करायला माझ्याच खिशाला हात. हे मला आजही पटत नाही.

काही जण म्हणतील, पाठीवरच्या नावाचं एवढं काय. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीम भिडतात तेव्हा गॅलरीत बसून बघा. पोरं नंबर बघून ओरडत नाहीत, नावानं ओरडतात, घरातल्या माणसाला हाक मारावी तशी. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा टीव्हीवर त्याचं नाव ऐकून कोल्हापुरात प्रत्येकाला आपलंच पोरगं उतरल्यासारखं वाटलं. या गावात फुटबॉल तालमींतून वाढला, पेठेच्या नावावर वाढला. नाव तुटलं तर मला मॅच बघवत नाही, मी काय करू?

एवढं असूनही गेम सोडला नाही, याचं कारण फ्रेडी ग्रीन. सुरुवातीला मॅच इंजिनबद्दल, म्हणजे मॅचमध्ये काय घडणार हे ठरवणाऱ्या गेमच्या भागाबद्दल, माझं मत फार वाईट होतं. वेगवान फॉरवर्ड घ्या आणि जिंका, बाकी सगळं दिखाऊ, असं मी आमच्या बँडमधल्या पोरांना सांगायचो. ग्रीन हा बेसीच्या बँडमध्ये १९३७ ला आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत गिटार वाजवत राहिला. सोलो जवळजवळ नाहीच, अँप्लिफायर नाही, प्रत्येक मात्रेला एक ठोका, अख्ख्या बँडचा ताल त्याच्या मनगटात. म्हणून त्याला बचावापुढं सहा नंबरला ठेवला: वेग कमी, शॉट शून्याच्या आसपास, सगळे गुण जागा धरणं आणि छोटा पास यात.

पहिले काही आठवडे तो मला दिसलाच नाही. गोल नाही, असिस्ट नाही, रेटिंग सहाच्या घरात. त्याला बसवून त्या जागी आणखी एक ट्रंपेटवाला, डिझी गिलेस्पी, खेळवला, आणि टीम ढासळली. मंकला बॉल मिळेना, कोल्ट्रेन एकटाच पळत राहिला, मिंगसची कार्डं वाढली. मग मॅच संपल्यावरचा नकाशा उघडून बघितला. ग्रीन असताना मधल्या वर्तुळात छोट्या पासची जाळी दिसते, इकडून तिकडं, चार-पाच पावलांची. तो नसताना तिथं मोठं भगदाड. म्हणजे इंजिनमध्ये हे सगळं धरलेलं आहे, फक्त रेटिंगच्या आकड्यात येत नाही. ज्या कुणी हे इंजिन लिहिलंय त्याला फुटबॉल कळतो, हे मी मोकळ्या मनानं सांगतो. भाचा पेठेच्या टीममध्ये मधल्या फळीतच खेळतो. त्यानं नकाशा बघितला आणि म्हणाला, ‘मामा, ह्यो ग्रीन म्हंजे आमच्याकडं ज्याला कुणी हार घालत न्हाई त्यो.’ दुसऱ्या दिवशी मी ग्रीनला कॅप्टन केलं, तो आजतागायत आहे.

मंकही तसाच उशिरा उमजला. त्याला मी ‘कल्पकता’ भरपूर आणि ‘शिस्त’ कमी दिली होती. त्याचे निम्मे पास वाया जातात, पण जो लागतो तो अशा जागी पडतो की समोरचा बचाव वळून बघेपर्यंत पार्कर गोलसमोर. घाई करून त्याची शिस्त वाढवू नका, तो साधा खेळाडू होतो.

आता ताजी खबर. दिवाळीनंतरच्या अपडेटमध्ये मर्यादा बारा चिन्हांची झाली. आर्मस्ट्राँग बरोब्बर बारात बसतो, म्हणजे माझ्या टीममधलं एकही आडनाव आता अडत नाही. माझ्या तक्रारीमुळं झालं की आपोआप, ते त्यांनी सांगितलं नाही. पण जुनी तुटलेली नावं तशीच तुटलेली राहिली, आणि नीट करायला प्रत्येकी नाणी मागतात. कोल्ट्रेन, राइनहार्ट आणि आर्मस्ट्राँग या तिघांची नावं मी साठवलेल्या नाण्यांत नीट केली, आणि तेवढ्या नाण्यांची भरपाई मागितलीय. उत्तर आलेलं नाही.

नवीन घेणाऱ्यांनी वर्षाची वर्गणी भरू नये, महिन्याची घ्यावी, आणि नाव सेव्ह करण्याआधी काना, मात्रा, वेलांटी, हलंत, अनुस्वार सगळे बोटावर मोजून बारा होतात का बघावं. इंजिनला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, कस्टमर केअरला एक. माझी वर्गणी मार्चमध्ये संपते. नाणी परत आली तर पुढचं वर्ष भरीन, नाही आली तर महिन्या-महिन्यानं खेळेन, कारण ग्रीन, मंक आणि बाकीची टीम टाकून दुसरीकडं जाण्याची माझी तयारी नाही.