एक कान गेला तर: क्रॉस यंत्र की कॉक्लिअर इम्प्लांट?

डाव्या कानाचा आवाज मुख्यतः मेंदूच्या उजव्या बाजूला जातो, उजव्याचा डाव्या. एक कान बंद पडला की ही वाटणी ढिली होते; चांगल्या कानाचा आवाज दोन्हीकडे बराचसा सारखा उमटू लागतो. ऐकू येतं, पण मागून हाक आली की माणूस भलतीकडेच वळतो.

क्रॉस यंत्र बहिऱ्या बाजूचा आवाज माइकने टिपून चांगल्या कानात सोडतं. शस्त्रक्रिया नाही, नको वाटलं की काढून ठेवा. जेवताना त्या बाजूला बसलेल्याचं बोलणं कळतं, हे खरं. पण मेंदूला कान एकच! दिशा ओळखायला दोन कानांची तुलना लागते, ती इथे होणार कशी?

कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवतात; ते थेट श्रवण-मज्जातंतूला विजेचे संकेत देतं, बंद वाट पुन्हा चालती होते. सुरुवातीला आवाज चिरका, यंत्रमानवासारखा. सरावाला महिने लागतात. दोन कानांतला मिलिसेकंदाहूनही कमी वेळेचा फरक तेही नीट पोचवत नाही, पण आवाजाच्या कमी-जास्तीवरून दिशेचा अंदाज येऊ लागतो. अमेरिकेत एका कानाच्या बहिरेपणासाठी त्याला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. मज्जातंतूच नसेल, तर अर्थात उपयोग शून्य.

माझा कल इम्प्लांटकडे, विशेषतः जन्मतः एक कान बहिरा असलेल्या बाळासाठी, आणि तेही लवकर. वर्षं गेली की मेंदू चांगल्या कानालाच धरून बसतो.